आपल्याच मागाचा खड्डा कच्चा

बाबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

नदी आणि नाल्याच्या बेचक्यातली आपली विणकरांची वस्ती. पाऊस लागून राहिला की तिचा टापू व्हायचा. सगळ्यांत सखल घर आपलं. तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचात आणि भुईतून पाझरलेलं पाणी आधी तुमच्या तळव्यांना लागायचं. तुम्ही हाक दिली की घराघरातले ताणे, मागावर लावायचं उभं सूत, टेकाडावरच्या घराच्या ओट्यावर जायचे. ताणा भिजला की सगळी मेहनत वाया.

मग विणकरांच्या संस्थेनं घरटी एक पोतं सिमेंट दिलं. सगळ्यांनी खड्डे पक्के केले. तुम्ही आपलं पोतं त्या टेकाडावरच्या ओट्याला देऊन टाकलंत! आई ओल्या भुईवर बसून सुताच्या कांड्या भरायची, उठताना भिंत धरायची. मी भांडले, "आपणच काहून ओलीत राहायचं?" तुमचे हात थांबलेही नाहीत. "आपला खड्डा बी पक्का झाला, तं पानी आलं हे कोनाले समजन वं? उंबऱ्यावर आल्यावर?" तुम्हीही पक्का करा, आम्ही दुसरी सोय पाहतो, असं वस्तीतल्या एकानंही म्हटलं नाही. सोयीचंच होतं त्यांना!

त्याच वर्षी श्रावणात तुमच्या तळव्यांना पाणी लागलं आणि तुम्ही ओरडलात. मी बाजेवरच्या आईला धरून उभी आहे, आणि माणसं आपापली घरं सोडून आधी आपल्याकडे धावत येताहेत. "पयले इथला ताणा उचला गा!" दोघांनी आईला बाजेसकट उचलून वर नेलं. एकाही घरचा ताणा भिजला नाही. तरीही विचारते, आईच्या गुडघ्यांचं काय? तिला कुणी विचारलं होतं? तुम्ही तरी?

आता मी एका लेआउटमध्ये, प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत राहते. आमचं घर उताराच्या खालच्या टोकाला. इथे जो तो आपला ओटा उंच करतो आणि पाणी पुढच्याच्या घरात लोटतो. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या म्हातारीचं धान्य भिजलं, ते आम्हाला कळलं तिनं उन्हात वाळत घातल्यावर. शिकलीसवरलेली माणसं ही! हाक मारायला तोंडं नव्हती?

परवा आमच्याकडे गवंडी आला होता. मागच्या पडवीतला मातीचा कोपरा दाखवून म्हणाला, "हे बी पक्कं करून टाकू का, बाई?" सगळ्या गल्लीत सखल जागा तीच.

मी म्हटलं, "राहू दे."

"काहून?"

मी त्याला बाकीचं काम दाखवलं. तो गेल्यावर चपला काढून तिथे उभी राहिले. कोरडं होतं. तुम्हाला कळलं असतं तर हसला असतात. बरं आहे, हे पत्र कुठे जाणार नाही.