फ्रेंचच्या वर्गातून बाहेर

दिल्ली छावणी, २००४

तीर्थरूप दाजींना खंडेरावचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल. इकडं सर्व ठीक. सखुबाई चिंचा मागते, पण करोल बागेतली चिंच तिला पसंत पडत नाही.

पत्रास कारण की, गावानं माझा सत्कार केला (शाल, नारळ, तुमचं पाऊण तासाचं भाषण) तो परदेशी जाणाऱ्या जवानाचा, आणि मी परदेशी जात नाही. आफ्रिकेतल्या शांतिसेनेत जायचं तर फ्रेंच यावी लागते, म्हणून आम्हा नऊ जणांना इथल्याच द्वारका नावाच्या उपनगरातल्या एका नव्या क्लासात धाडलं होतं. खाली पिझ्झाचं दुकान, वर फ्रेंच, भोवती अर्धवट बांधलेल्या सोसायट्या. भिंतीवर मॅडमची पाटी: फ्रेंच न कळल्यास इंग्रजीतून विचारा, तिसरी भाषा बोलणारा वर्गाबाहेर. (मॅडम स्वतः फोनवर आईला राजमा भिजवायला सांगत, ते हिंदीतून.) आमच्यात थोडंफार इंग्रजी येई ते मला एकट्याला. बाकीच्यांना एका न कळणाऱ्या भाषेचा अर्थ दुसऱ्या न कळणाऱ्या भाषेत मिळे. आपला मारुती तर काहीही विचारलं की ताडकन उठून नंबर, हुद्दा आणि नाव सांगे. जेवलास का, तरी तेच. शेवटी मी कुजबुजलो, "अरे, बाई तुझं गाव विचारतायत!" मारुतीनं अचूक उत्तर दिलं आणि मी वर्गाबाहेर गेलो. मग खिडकीतून सांगू लागलो. आठवड्याभरात सगळा वर्ग फळ्याकडं पाठ करून खिडकीकडं बघत बसू लागला. मॅडम शहाण्या. "अच्छा, अंदर आओ यार," म्हणाल्या, मला खुर्ची दिली आणि पाटीवर कॅलेंडर टांगलं.

परीक्षेत आठही जण पास झाले. माझी पाळी आली. परीक्षकांनी फ्रेंचमधून विचारलं, मला ते नीट कळलं, आणि मी ते त्यांना मराठीतून समजावून दिलं. चारही प्रश्न. नापास. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी मला आता पुढच्या तुकडीला समजावून द्यायला इथंच ठेवलंय.

शाल परत पाठवू का, ते कळवा. नारळ खाल्ला.

आपला,
खंडेराव

ता. क. आक्काला महिनाभर इकडं पाठवून द्या. सखुबाईला आठवा महिना लागलाय.

आणखी एक. थोरला झाला तेव्हा मी सरहद्दीवर होतो. तार हातात पडली तोवर बारसंही उरकलं होतं. फार लागलं होतं मनाला. परीक्षेत मराठी तोंडून गेली ती सवयीनं, असं मी साहेबांना सांगितलंय. गावातही तेच सांगा.