मुलींचा निकाल शून्य टक्के

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. दुसरा भावोजींना, म्हणजे ते पत्र मध्येच हिसकावणार नाहीत. तुझी कंबर कशी आहे? माझा जीव कालच भांड्यात पडलाय, म्हणून ऐसपैस लिहितो.

आमची शाळा तू पाहिली आहेस. खोली एक, इयत्ता सगळ्या, मास्तर मी एकटा आणि मुलगी एकच, सुताराची. (बाकी मुलगेच, त्यात माझा काही दोष नाही.) गेल्या वर्षी ती पास झाली, तेव्हा शिक्षण कार्यालयाने ‘मुलींचा निकाल शंभर टक्के’ म्हणून माझी पाठ थोपटली. यंदा ती गणितात आपटली, आणि त्याच कार्यालयाने कळवलं की या भागातल्या मुलींची स्थिती गंभीर आहे, साहेब येऊन चौकशी करतील, आणि नापासाचं कारण त्यांना पटलं नाही तर शाळा बंद करून मुलं टेकडीपलीकडच्या शाळेत पाठवू. माझी झोपच उडाली. ती चढण लहानांना रोज झेपणार नाही, निम्मे घरीच बसतील.

काल साहेब आले. (गाडी चिखलात रुतली, ती पोरांनी ढकलली, त्यामुळे मुलगे सशक्त असल्याची नोंद झाली.) सगळ्या मुलींना पुढे बोलवा म्हणाले. सुताराची पोर पुढे आली. साहेब बराच वेळ दाराकडे बघत राहिले, बाकीच्या येतील म्हणून. मग तिला त्यांनी तोंडी गणितं घातली. तिने पटापट सोडवली.

“मग पेपरात काय झालं गं?”

“पहिलीतल्यांच्या बेरजा चुकत होत्या,” ती म्हणाली. “मग त्यांचं कोण बघणार?”

ताई, मोठ्यांनी मधूनमधून उठून लहानांचं बघायचं, ही सवय मीच लावलेली. एकट्या मास्तरला दुसरा इलाज काय? परीक्षेतही ती निम्मा पेपर टाकून उठली, आणि मी (पर्यवेक्षक) खुर्चीतून कौतुकाने बघत बसलो होतो. त्यात काही वावगं आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

साहेब हसले नाहीत, पण चहा दुसऱ्यांदा मागितला. तिला वरच्या वर्गात बसवा आणि शाळा चालू ठेवा, म्हणाले. निकालातलं शून्य मात्र छापून झालंय, ते तसंच राहणार. गाडी दिसेनाशी झाल्यावर मला चक्क रडू आलं. पोरांना सुट्टी देऊन टाकली.

बाकी सगळं ठीक.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. साहेबांची एक अट आहे. पुढच्या वर्षी मुलींची संख्या दुप्पट झाली पाहिजे, नाहीतर पुन्हा बंदचा विचार. दुप्पट म्हणजे आणखी एक. माझी भाची डोळ्यांसमोर आली.

ता. क. दुसरा. ती गणितात कच्ची आहे, माहीत आहे. दोघींपैकी एक पास झाली तरी पन्नास टक्के, म्हणजे कार्यालयाच्या हिशेबाने प्रगतीच. आणि तूच लिहिलं होतंस ना, तिथे साठ पोरांच्या वर्गात बाईंना अजून तिचं नावही माहीत नाही? इथे आली तर शाळेतल्या निम्म्या मुली ती एकटीच असेल.