चाळीसची डिस्क, तेहतीसच दिसते

उस्ताद,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. मी इकडं मस्कतला एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तेच काम करून राहिलो, जे लातूरला तुमच्याकडं शिकलो. आज सकाळी मालकानं परत झापलं. गिऱ्हाइकाच्या मशिनीत मी रिकव्हरीचं पार्टिशन करत होतो. म्हणाला, हे तुला कुणी सांगितलं? बिघडली की येतील परत, येऊ दे. माझं डोकं फिरलं, कारण एकदा मी पण असाच वागलो होतो आणि ते तुम्हाला कधी बोललो न्हाई.

तुमची पद्धत मला तेव्हा लई कटकटीची वाटायची. नवी मशीन जोडली की डिस्कचे तीन भाग. एक सिस्टीमचा, एक गिऱ्हाइकाच्या कामाचा, आणि शेवटी चार जीबीचा, कुणाला न दिसणारा, रिकव्हरीचा. त्यात चालत्या सिस्टीमची, गिऱ्हाइकानं भरून घेतलेल्या क्लासच्या धड्यांसकट, जशीच्या तशी नक्कल. व्हायरसनं मशीन बसली तर सुरू होताना एक बटन दाबायचं, वीस मिनिटांत पहिल्यासारखी. पण एवढ्यानं तुमचं भागायचं न्हाई. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून, त्याच्या डोळ्यांदेखत तुम्ही चांगली चाललेली सिस्टीम पुसून टाकायचात. तो बिचारा घाबरून उभा राहायचा. मग त्याच्याच बोटानं बटन दाबायला लावायचात. "मोडून दाखवल्याबिगर मशीन दुकानाबाहेर जाणार न्हाई, मियाँ." बाहेर क्लासवाल्या पोरांचे आईबाप ताटकळलेले, आणि तुम्ही चहा पीत बसलेले. आठवीतून शाळा सुटलेल्या मला वीस मिनिटं एका जागी बसणं म्हणजे शिक्षाच. एकदा चिडून विचारलं, कशाला हे सगळं? तुम्ही दाराजवळच्या खुंटीकडं बोट केलंत. भूकंपात तुमचं गाव गेलं तेव्हापासून तिथं एक पिशवी असायची. रेशनकार्ड, बॅटरी, एक जोड कपडे. "घर पडलं तेव्हा आम्ही आठ दिवस मातीतून कागद उकरून राहिलो होतो. आपण कोण, ते दाखवायला पण काही नव्हतं." एवढं बोललात आणि स्क्रूड्रायव्हर उचललात.

उमरीचे ते दुकानवाले काका नवी मशीन घ्यायला आले त्या दिवशी तुम्ही नांदेडला दवाखान्यात गेलेले. त्यांची पोरगी बारावीला. तिला लातूरला खोली करून ठेवायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून क्लासचे धडेच मशिनीत भरून घरी न्यायचे होते. मी सगळं तुमच्यासारखंच केलं. काकांनी चष्मा वर करून पडद्यावरचा आकडा वाचला. "चाळीसची सांगितली होती. ही तेहतीसच दिसून राहिली."

"काका, थोडी आत लपवून ठेवलीय, तुमच्याच कामाची."

"माझ्यापासून लपवून माझ्याच कामाची? तुझ्या उस्तादापासून पण असंच लपवतो का?"

बाकीचे हसले. मी दोनदा समजावलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते पार्टिशन पुसलं, चार जीबी त्यांच्या भागात जोडली आणि म्हणालो, घ्या. तरी सदतीसच दिसली. "अजून तीन राहिली," काका म्हणाले. त्या तिनाचं उत्तर तर मलाच ठाऊक नव्हतं; डिस्कवाली कंपनी आणि मशीन जीबी वेगवेगळी मोजतात, हे लई पुढं कळलं. मोडून दाखवणं राहिलंच; दाखवणार तरी काय?

परीक्षेला दीड महिना राहिला असंल. मशीन बसली म्हणून काका सीपीयू चादरीत गुंडाळून एसटीनं घेऊन आले. तुम्ही बटन दाबलंत, परत दाबलंत. मग माझ्याकडं वळलात.

"रिकव्हरी करून दिली होती ना?"

"हाव उस्ताद."

"मग गेली कुठं?"

मी म्हणालो, पोरीच्या हातून पुसली गेली असंल. काकांना ती चार जीबी आणि हे, यांचा संबंध लागला न्हाई, आणि मी लागू दिला न्हाई. ते म्हणाले, "मी घरी सांगतच होतो, पोरीच्या हातात दिली की वाट लागणार." तुम्ही म्हणालात, "भाईसाब, शिकणाऱ्याच्याच हातून होतं ते." पण त्यांचं ठरलं होतं. मशीन पेपर झाल्यावर नेतो, तोवर पुस्तकं हायेत. तुम्ही दोन दिवसांत सगळं नीट केलंत, निरोप धाडलात, तरी ते आले न्हाईत. तिचे धडे आपल्या टेबलावर चादरीखाली पडून राहिले, आणि मी रोज सकाळी त्या चादरीवरची धूळ झटकायचो. पेपर संपल्यावर काका मशीन घेऊन गेले. ती पास होईल का, तुम्ही विचारलंत; ते म्हणाले, बघू. त्यानंतर तुम्हीच आजारी पडलात, आणि दोन महिन्यांत गेलात. तुमच्या लेखी ते त्या पोरीनंच पुसलेलं राहिलं.

मागच्या सुट्टीत उमरीला उतरलो. काकांचं दुकान लगेच सापडलं. गल्ल्यावर तेच होते, म्हातारे झालेले. "काय पाहिजे?" विचारलं. मी स्टँडचा रस्ता विचारला, जिथून मी आत्ताच चालत आलो होतो. त्यांनी बाहेर येऊन, हात करून नीट दाखवला.

खरं सांगू का उस्ताद, आज लिहायला बसलो ते त्या पोरीला. तिनं काही पुसलं नव्हतं, एवढंच लिहायचं होतं. पण ती वाचंल, तुम्ही वाचणार न्हाई, म्हणून तुम्हाला लिहिलं.