बोअर नंबर बारा

सोमवार, ३ मार्च
घराच्या इतिहासातला मोठा दिवस. मोटरवालं शिलाई मशीन घ्यायला आईने साठवलेले चाळीस हजार आज माझ्या हवाली झाले. पायाने मशीन मारून मारून तिचा गुडघा गेला आहे. तरी म्हणाली, घरात शिकलेली तू एकटीच, वाढवता येत असतील तर वाढव, नाहीतर सरळ मशीन घेऊन ये. बाबांना सांगायचं नाही. वर्षअखेरीस चकित करायचं.
कंपनी मी हेरून ठेवली आहे. छोटी आहे, रेअर अर्थ खनिजं शोधते. पवनचक्क्या, विजेच्या गाड्या, सगळ्यांना तीच लागतात. पैसाही वाढेल, पृथ्वीही वाचेल. पण डोळे मिटून सही करणाऱ्यातली मी नाही. तीन दिवस अभ्यास, मग निर्णय.

मंगळवार, ४ मार्च
अहवाल १४२ पानी, इंग्रजी. अकरा बोअर मारून झाली, बारावं निर्णायक. आतापर्यंत काय मिळालं? 'उत्साहवर्धक खुणा.' म्हणजे मिळाल्यातच जमा.
रेअर अर्थ तशी फारशी रेअर नसतात, असंही वाचलं. आईने विचारलं, मग तसं म्हणतात कशाला? मी म्हटलं, नाव आहे ते. आई म्हणाली, आपल्या घरमालकाला लोक 'दाता' म्हणतात, तसंच का?
अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसाला समजावणं अवघड असतं.

गुरुवार, ६ मार्च
कंपनीला फोन केला. आधी रिसेप्शन, त्यांनी वित्त विभागाला जोडून दिलं, त्यांनी मुख्य भूवैज्ञानिकांना. तिघांचंही नाक चोंदलेलं होतं. ऑफिसात सर्दीची साथ दिसते. तरी तिघेही कामावर! याला म्हणतात निष्ठा.
भूवैज्ञानिक म्हणाले, मॅडम, बारावं बोअर तुमच्या निर्णयावर थांबलंय. किती आदराने बोलतात! त्यांना ४२ प्रश्न पाठवले. नववा प्रश्न बेडकांबद्दल.
बाबा दुपारीच घरी आले. ते ड्रिलिंगच्या कंत्राटदाराकडे मशीन चालवतात. टेकडीवरचं काम बंद पडलं म्हणाले. मशीन उभं, पगार अर्धा.

रविवार, ९ मार्च
तीन दिवसांची मुदत वाढवली. घाई हा गुंतवणुकीतला पहिला शत्रू.
मशीन का उभं आहे, ते बाबांनी जेवताना सांगितलं. अकरा भोकं पाडली, बारावं अडलं. कुणी मोठी पार्टी आहे म्हणे, पैसे टाकू की नको करत लोळत पडलीय. मी त्यांना म्हटलं, काय योगायोग, मी वाचतेय त्या प्रकल्पातही अकराच आहेत! अकरा हा या क्षेत्रातला स्टँडर्ड आकडा असावा. बाबा म्हणाले, तू वाच, आणखी भात घेऊ का मी?
अशा बेजबाबदार पार्ट्यांमुळेच कष्टकऱ्यांचे हाल होतात. यावर लेख लिहायला हवा.

बुधवार, १२ मार्च
४२ प्रश्नांचं उत्तर आलं. एकाच ओळीत. 'सर्व मान्य. सही आज होईल का?'
मी खाण उद्योगाला बेडकांची काळजी घ्यायला लावली. एका पत्राने. पण इतक्या लवकर सगळं मान्य करणाऱ्यांवर विश्वास ठेवावा का? आणखी १७ प्रश्न पाठवले.

सोमवार, १७ मार्च
बाबांना घरी बसवत नाही. काल त्यांनी आईचं मशीन तेल घालायला म्हणून उघडलं. परत जोडल्यावर तीन स्क्रू उरले आणि चाक फिरेना. म्हणाले, हे तीन मुळातच जास्तीचे असणार. आई म्हणाली, तिकडचं एक उभं होतंच, आता इकडचंही केलंत.
वसतिगृहाच्या तीस पडद्यांची ऑर्डर आहे तिच्याकडे. मला म्हणाली, बाई, त्या पैशांचं आज काय ते ठरव. मी म्हटलं, अभ्यास शेवटच्या टप्प्यात आहे.

शुक्रवार, २१ मार्च
भूवैज्ञानिकांचा पाचवा फोन. म्हणाले, मॅडम, नाही म्हणालात तरी चालेल, पण काहीतरी म्हणा. दडपणाला मी बळी पडत नाही, हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. ते शिंकले.

सोमवार, २४ मार्च
सही केली! ऑफिस लाँड्रीच्या वर आहे. एक खोली, एक टेबल, एक माणूस. रिसेप्शन, वित्त विभाग आणि मुख्य भूवैज्ञानिक, तिन्ही तेच. काटकसर याहून वेगळी काय असते? चेक घेताना त्यांचे डोळे भरून आले. सर्दीही होतीच.

मंगळवार, २५ मार्च
बाबा संध्याकाळी आले ते संतापूनच. म्हणाले, त्या पार्टीने सोडले एकदाचे पैसे, पण उपयोग काय! मशीन अठरा दिवस उभं राहिलं, त्याच्या भाड्यात सगळे गेले. कंत्राटदार मशीन घेऊन टेकडीवरून उतरला. बारावं भोक राहिलंच. कोण अक्कलशून्य माणूस आहे, एकदा बघायचंय मला.
आईने विचारलं, किती सोडले?
बाबा म्हणाले, बरोब्बर चाळीस हजार.
आईने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांना म्हणाली, बघा, समोरच बसलीय.
बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शेवटी म्हणाले, त्यात बेडूक कुठून आले गं? कंपनीच्या त्या साहेबाने चार दिवस आम्हाला टेकडीवर बेडूक मोजायला लावले होते.

बुधवार, २६ मार्च
शांतपणे विचार केला. बाबांना अठरा दिवसांचा अर्धा पगार मिळाला, साडेचार हजार. तो आपल्याच चाळीस हजारांतून आला. म्हणजे दोन दिवसांत सव्वाअकरा टक्के रक्कम घरी परत. कुठली बँक देते?
हे आईला सांगायला गेले. ती खिडकीपाशी बसून हातानेच पडदे शिवत होती. माझं सगळं ऐकून घेतलं. मग दुसऱ्या सुईत दोरा ओवला आणि सुई माझ्या हातात दिली.
अजून एकवीस पडदे आहेत.