माश्यांची बदली आणि माझा कोपरा

शुक्रवार, ७ मार्च. संध्याकाळ.
दिनानाथ येऊन गेला. मंदाचा थोरला भाऊ, त्यामुळे चहात वेलची. जाताना म्हणाला, भावोजी, रविवारपर्यंत वाडीतला कोपरा तुमचा. तवा येऊन बघीन. पेटीत मधमाश्या हायत, भाजी लावलेली हाय, तर ठेवा खुशाल. नाय तर मी तिकडं मिरची लावतो.
बघच म्हणावं! (तोंडावर म्हटलं नाही. वाडी त्याची आहे.)
कोपरा सोडणार नाही. बोईसरच्या कंपनीत टाइम ऑफिसला जन्म गेला. तिन्ही शिफ्टच्या कामगारांची हजेरी घेतली. पेटीभर माश्या सांभाळता येत नाहीत होय? शिवाय रिटायर होऊन मंदाच्या गावी, चिंचणीला आल्यापासून घरात मला जागा म्हणून नाही. ओटीवरच्या माझ्या खुर्चीवर ती पापड वाळत घालते. वाडीतली खुर्ची तेवढी माझी. तिथे बसलं की परत ड्युटीवर आल्यासारखं वाटतं. हे कुणाला सांगितलेलं नाही.

शनिवार, ८ मार्च. सकाळी सहा.
उठलो. फ्रेश. आज पेटीची सफाई, वाफा तयार, भेंडी आणि काकडीचं बी टाकायचं. दुपारपर्यंत सगळं संपवायचं.

साडेआठ.
आत्ता उठलो. वरचं काल झोपतानाच लिहून ठेवलं होतं. याला प्लॅनिंग म्हणतात.

दहा.
पेटी उघडली. सातेरी जातीच्या माश्या स्वभावाने गरीब, असं पेटी देणारा म्हणाला होता. डावा डोळा बंद झाला आहे. उजव्याने पाहिलं. हजेरी फुल. राणी दिसली नाही. मॅनेजमेंट कुठे खाली उतरते?

साडेअकरा.
मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. धूर दिला की माश्या शांत होतात. आणि हायवेपलीकडे डोंगरातले लोक जमिनीवर शेण-पालापाचोळा पसरून राब भाजतात. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं. दोन्ही पाहिलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. राब पेटीशेजारीच भाजायचा. एका धुरात दोन कामं! आजवर हे कुणालाच कसं सुचलं नाही?
मंदा म्हणाली, अवो, त्या व्हिडिओतला धूर मूठभर. तुमी तर आजच होळी लावताय. आणि दुपारचा दर्याचा वारा सुटतो, तो काय तुमाला विचारून येणार नाय.
मी म्हटलं, कंपनीत फायर ड्रिल मी बघायचो. (ड्रिलची हजेरी. पण बघायचोच ना.)

तीन.
राब पेटवला. वारा सुटला. सगळा धूर थेट पेटीत. माश्या इतक्या शांत, की आवाजसुद्धा नाही. पद्धत यशस्वी.

सव्वातीन.
सगळ्या एकदम बाहेर पडल्या. नारळांवरून दिनानाथच्या घराच्या दिशेने गेल्या. सेकंड शिफ्ट असणार.

सात.
परतल्या नाहीत. ओव्हरटाइम.
मंदा म्हणाली, गेल्या त्या, आता काय येत नाय. मी म्हटलं, नोटीस दिल्याशिवाय असं जाता येत नाही. ती म्हणाली, तुमी तरी धूर करायच्या आधी नोटीस दिली होती काय?
जेवण गेलं नाही. रागाने. फक्त रागाने.

रविवार, ९ मार्च. सकाळ.
पेटी रिकामी. आत हात घातला, कुणी चावलंसुद्धा नाही. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.
पण हार नाही. पेटीवर पाटी लावली: रविवारी सुट्टी. उघडू नये. मंदाला म्हटलं, तू काही बोलायचं नाहीस. ती म्हणाली, मी कशाला बोलू? पेटीतच कोण बोलत नाय.

अकरा.
दिनानाथ आला. सुट्टीचं सांगितलं. त्याने पेटीला कान लावला. बराच वेळ. मग म्हणाला, भावोजी, तुमच्या माश्या काल दुपारपासून माज्या न्हाणीमागच्या फुटक्या रांजणात हायत. मला वाटलं, तुमीच पाटवल्या. ऱ्हाऊ दे काय तिकडंच?
मी मान ताठ ठेवून म्हटलं, हो. बदली मीच केली.
मग त्याने वाफ्यातली राख बोटांनी उकरली, चोळली. म्हणाला, राब मात्र झकास भाजलाय तुमी. आमच्या बाबांना पण असा जमला नसता. उभ्या आयुष्यात या माणसाने माझं कौतुक केलं नव्हतं. छाती फुगली. ती खाली यायच्या आत तो टेम्पोतून रोपं घेऊन आलाही.

संध्याकाळी सहा. वाडी.
मिरची लावून झाली. माझ्या वाफ्यात, माझ्या राखेत. पाणी घालायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. म्हणजे तो सांगत होता आणि मी नाही म्हणालो नाही. सकाळ, संध्याकाळ, दोन शिफ्ट. उद्या सहाला हजर. तेव्हा कोपरा गेला असं कुणी म्हणू नये. उलट आता इथे रोज यायचा हक्कच मिळाला.
उरलेल्या रोपांचा ट्रे दिनानाथने माझ्या खुर्चीवर ठेवला आहे. मुळं नाजूक हायत, हलवायची नाय, म्हणाला.
हे उभ्यानेच लिहितोय.