चौदा पंख्यांचे चुंबक पुन्हा भारून पाहण्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
औद्योगिक चौकशी कक्ष, दुसरा मजला.

विषय : भट्टीप्रमुखावरील निष्काळजीपणाचा ठपका मागे घेऊन फेराइट चुंबकांची फेरतपासणी करण्याबाबत.
संदर्भ : १) आपला ३ तारखेचा निष्कर्ष. २) माझा जबाब, सही माझी, मजकूर माझा नाही.

महोदय,

चुंबकांच्या कारखान्यात मी एकवीस वर्षे भट्टी सांभाळतो. औषधांच्या शीतगृहातील चौदा पंखे मंदावत बंद पडले. त्यांच्या मोटारींतील चुंबक मी कच्चे भाजले, असे आपण ठरवले आहे. हा निष्कर्ष कायम राहिला तर मला यापुढे कुठल्याही भट्टीवर उभे राहता येणार नाही.

१. फेराइट चुंबक म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी आणि स्ट्रॉन्शियम कार्बोनेट मिसळून, दाबून, भाजलेली एक प्रकारची चिनीमातीच. भट्टीतून निघतो तेव्हा तो टाचणीही उचलत नाही. जोर येतो तो शेवटी, भारण्याच्या यंत्रात. तो गंजत नाही, स्वस्त पडतो, म्हणून लाउडस्पीकरपासून फ्रिजच्या दारापर्यंत सगळीकडे चालतो. खोड एकच. कडाक्याच्या थंडीत उलट्या चुंबकी झटक्यापुढे तो टिकत नाही, आणि मोटार सुरू होताना नेमका तोच झटका बसतो. गेलेला जोर खोली उबदार झाली तरी परत येत नाही. म्हणून शीतगृहासाठी जाड चुंबक घालतात.

२. मागणीपत्रकात 'वापराचे ठिकाण' असा रकाना आहे. तो माझा साडू भरतो. भारण्याच्या यंत्रावरही तोच असतो. रकाने भराभर उरकायला 'वरीलप्रमाणे' लिहायची आमच्याकडे सवय आहे. वरच्या ओळीत छताचे पंखे होते, खालच्या ओळीत शीतगृह. त्याने 'वरीलप्रमाणे' लिहिले. नऊ मिलिमीटरऐवजी सहाचे चुंबक गेले.

३. तक्रार आली त्या संध्याकाळी साडू घरी आला. आठ वर्षांपूर्वी त्याला कामाला मी लावले, यंत्रही मीच शिकवले. म्हणाला, "दादा, रकान्याचं आत्ता काढू नका. साहेबांना मी स्वतः सांगतो. तुम्ही फक्त खाली सही करून ठेवा." कागद कोरा होता. बायको म्हणाली, "अहो, लिहिलंय कुठे काय?" मी म्हणालो, "घरचाच माणूस आहे, लिहील." त्याने लिहिले. भट्टी मी चार तास आधी विझवली, असे लिहिले. सुनावणीत मी त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "मोठ्या माणसाविरुद्ध बोलायचं जिवावर येतं, साहेब." आपण त्याच्यासाठी पाणी मागवलेत.

४. माल निघाला तेव्हा त्याचा जोर मापावर होता. ती नोंद साडूच्याच हातची; ती वही आता सापडत नाही. आपण केलेली तपासणी मी पाहिली आहे. एक चुंबक आपण कार्यालयाच्या कपाटाला लावलात. "चिकटतोय, पण दम नाही," असे आपण म्हणालात आणि शिपायाने मान डोलावली. निष्कर्षात यालाच 'प्रत्यक्ष चाचणी' म्हटले आहे. कपाटाच्या दाराला रंगाचे तीन थर आहेत, हे मी नम्रपणे नमूद करतो.

५. खरी तपासणी पाच मिनिटांची आहे. मोटारीमागे दोन याप्रमाणे काढलेले अठ्ठावीस चुंबक आपल्याच ताब्यात आहेत. ते यंत्रात पुन्हा भारावेत आणि मोजावेत. कच्चा भाजलेला चुंबक कितीही भारला तरी मापावर येत नाही. थंडीने मारलेला येतो. मापावर आले नाहीत, तर ठपका मला मान्य आहे.

६. शेवटची विनंती नियमात बसत नसेल, तरी करतो. यंत्रावर साडूलाच उभे करावे. भारताना यंत्राचा काटा कुठवर न्यायचा हे त्याला ठाऊक आहे. अलीकडे थांबवला तर माझे काय होईल, हेही. मी समोर उभा राहीन, पण एक शब्द बोलणार नाही. त्याचा हात कुठे थांबतो, एवढे मला पाहू द्यावे.

तपासणीच्या तारखेची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
भट्टीप्रमुख, कामावरून दूर

दिनांक : १९ जानेवारी
सोबत : मागणीपत्रकाची प्रत, एक.