वर्तणूक : समाधानकारक

सर,

शाळेच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असा निरोप मागच्या आठवड्यात आला. दिली लिहून. तुमची शिस्त, तुमची तळमळ, डोंगरातल्या पोरांसाठी तुम्ही घातलेलं आयुष्य, सगळं त्यात आहे आणि त्यातलं काहीच खोटं नाही. पण पानं देऊन आले आणि जेवण गेलं नाही. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडणार आहे. तुम्ही होतात तोवर मी तुमच्यासमोर एकदाच तोंड उघडलं, आणि तेव्हाही माझ्या वाटचं बरंचसं आईच बोलली. राहिलेलं आज बोलते.

तुमचं चांगलं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे अडखळायला नको. तुम्ही सायखेड्याकडचे, गोदावरीकाठच्या काळ्या मातीतले. पेठच्या डोंगरातल्या आमच्या आश्रमशाळेत बाकीचे शिक्षक शनिवारी दुपारची एसटी पकडायचे, तुम्ही मुख्याध्यापक असून राहायचात. सातवीत मला ताप चढला तेव्हा तुम्ही मला मोटारसायकलवर मागे बसवून टॉवेलने स्वतःच्या कमरेला बांधलंत आणि तसंच पेठच्या दवाखान्यात नेलंत. अख्खा रस्ता पाढे म्हणायला लावलेत, झोप लागून पडू नये म्हणून. आठवीत भूमितीत पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा नवीकोरी कंपासपेटी दिलीत, आणि देताना सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "पेन्सिलीला टोक असावं, पोरीच्या जिभेला नको." वर्ग हसला. मीही हसले. भूमिती मला तुमच्यामुळे आली, हे मी कधीच नाकारणार नाही.

पण मला काय व्हायचंय ते तुमच्यामुळे ठरलं नाही. नववीच्या सुट्टीत आमच्या पाड्याखाली रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालं होतं. आई-बाबा दोघंही त्यावर. मी दुपारची भाकरी घेऊन जायचे. तिथे एक सर्वेक्षणवाले साहेब तिपाईवर दुर्बीण लावून उभे असायचे. एकदा मी फार वेळ बघत राहिले तेव्हा ते म्हणाले, "बघायचंय? ये." डोळा लावला तर आतलं जग सगळं उलटं. डोंगर वरून खाली लोंबत होता आणि माझी आई डोक्यावर घमेलं घेऊन आभाळावरून उलटी चालत होती. मी दचकून मागे झाले. साहेब हसले. म्हणाले, "या यंत्रात उलटंच दिसतं. सवय झाली की उलट्यातूनच पाण्याची पातळी कळते." मग त्यांनी पाणी कुठे अडेल, भिंत कुठे यायला हवी, सगळं काठीने मातीत काढून दाखवलं. ती तुमचीच भूमिती होती, सर, फक्त फळ्यावरून उतरून आमच्या ओहोळात आली होती. हे शिकायला काय करावं लागतं, असं मी विचारलं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, नाशिकला सरकारी कॉलेज आहे, फॉर्म जूनमध्ये मिळतात, असं त्यांनी सांगितलं. मुलगी आहेस, असं ते म्हणाले नाहीत. मी त्याची वाट बघत होते.

दहावीला मी शाळेत पहिली आले. बाबा तेव्हा दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला होते. त्यांना अक्षरओळख नाही. तरी ते एक दिवस खाडा करून नाशिकला गेले, विचारत विचारत कॉलेजच्या खिडकीशी पोचले आणि म्हणाले, "पोरीला इंजिनेर करायचा कागद द्या." फॉर्म छातीशी धरून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी परत बागेत गेले. फॉर्मसोबत लागणाऱ्या कागदांत जातीचा दाखला होता, तो तहसिलीतून मिळाला. गुणपत्रिका होती. राहिला शाळा सोडल्याचा दाखला. शुक्रवार शेवटचा दिवस. सोमवारी मी तुमच्याकडे आले.

तुम्ही अकरावीची यादी करत बसला होतात. त्याच वर्षी आपल्या शाळेला अकरावी कला मंजूर झाली होती आणि पट भरला नाही तर मंजुरी जाणार होती. माझं नाव यादीत पहिलं लिहिलेलं होतं, मला न विचारता. मी दाखला मागितला. तुम्ही चष्मा काढलात.

"कशाला?"

"नाशिकला डिप्लोमाला फॉर्म भरायचाय, सर. सिव्हिलला."

"ते पोरींचं काम नाही. इथे अकरावी-बारावी कर, मग डी.एड. कर. चार वर्षांत मास्तरीण होशील. घर वर येईल."

"मला मास्तरीण नाही व्हायचं."

लिपिकांनी टंकलेखन थांबवलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत, हे मला जास्त आठवतं. तुम्ही अगदी समजुतीच्या सुरात म्हणालात, "पोरी, वीस वर्षं झाली मला इथे. डोंगर उतरून गेलेल्या पोरी परत येत नाहीत. येतात त्या पोट घेऊन येतात." आणि पुन्हा यादीत डोकं घातलंत.

सर, त्या वाक्यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. स्मरणिकेत ते वाक्य नाही, म्हणून इथे लिहितेय. तुम्हाला काळजी होती, मान्य. तुम्ही तसं घडताना पाहिलंही असेल. पण सोळा वर्षांची मुलगी कागद मागायला येते आणि तुम्ही तिला तिच्या पोटाची भीती घालता. आणि ती भीती घालताना तुमच्या हाताखाली यादी असते, जिच्यात तुम्हाला एक नाव कमी पडणार असतं. तुम्ही माझं भलं बघत होतात की पट, हे तुम्हाला तरी वेगळं करता आलं असतं का?

मंगळवारी मी ऑफिसच्या ओट्यावर बसून राहिले. बुधवारीही. तुम्ही येता-जाता बघायचात आणि आत निघून जायचात. बुधवारी दुपारी मी चालत पाड्यावर गेले आणि आईला सांगितलं. गुरुवारी नागलीचं रोप टाकायचं सोडून आई माझ्याबरोबर आली. शाळेत ती त्याआधी पालकसभेला दाराशी उभी राहिलेली, आत कधी आली नव्हती. तुम्ही तिला खुर्ची दिलीत. ती बसली नाही.

"गुरुजी, पोरीचा कागद द्या."

"बाई, तिचं भलं मी जाणतो. तुम्हाला यातलं कळायचं नाही."

"नसंल कळत. पन कागद तिचा हाय ना?"

"तिचाच आहे."

"मंग तुमच्या कपाटात कशाला?"

तुम्ही उठलात, कपाट उघडलंत, दाखल्याचं पुस्तक काढलंत. आईने अर्जावर अंगठा दिला. वर्तणुकीच्या रकान्यात मारायला लिपिकांकडे 'चांगली' असा शिक्का तयार असायचा, सगळ्यांच्या दाखल्यावर तोच. त्यांनी तो उचललाही होता. तुम्ही हाताने त्यांना थांबवलंत आणि स्वतःच्या पेनाने, त्या सुंदर वळणदार अक्षरात लिहिलंत : समाधानकारक. आईला ते वाचता येत नव्हतं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय लिवलं?" मी म्हटलं, "लय चांगलं लिवलं."

शुक्रवारी सकाळच्या गाडीने सावळघाट ओलांडून मी नाशिकला गेले. खिडकीवरचे गृहस्थ माझ्याकडे आणि फॉर्मकडे दोनदा बघून म्हणाले, "सिव्हिल? नक्की?" मी म्हटलं, "नक्की." यादीत नाव लागलं. पण मुलींच्या सरकारी वसतिगृहाच्या यादीत मी प्रतीक्षेत होते. आमच्या पाड्यावरचं एक जोडपं नाशिकच्या पेठ नाक्यापलीकडे एका अर्धवट इमारतीवर राखण करायचं. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत मी राहिले. इमारतीला भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि जिने. संध्याकाळी कामगार गेले की मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बसून ड्रॉइंग काढायचे आणि पुस्तकात जे वाचलं ते मान वर करून बघायचे. एवढी मोठी प्रयोगशाळा वर्गात कुणाला मिळाली नसेल. तरी ड्रॉइंगचं सामान मला लोकांकडून मागावं लागायचं, आणि ज्याचं सामान त्याचं काम आधी. सरकारी शिष्यवृत्ती मंजूर होती, पण ती हाती यायला वर्ष सरतं, असं वरच्या वर्गातल्या मुली सांगायच्या.

तेव्हा मी वाचनालयात जाऊन शिष्यवृत्त्यांची एक पुस्तिका शोधली आणि तिच्यातले ट्रस्टांचे पत्ते उतरवून घेतले. ज्याच्या अटींत मी बसत होते त्या प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकलं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकांनी मुलाखतीला बोलावलं, मेनरोडच्या मागच्या एका माडीवर. टेबलामागे तिघं होते, दोन पुरुष आणि एक बाई. मधल्या वयस्कर गृहस्थांनी कागद चाळले, दाखल्यावर थांबले आणि विचारलं, "मार्क एवढे छान, मग वर्तणूक नुसती समाधानकारक कशी?"

मला सांगता आलं असतं की लिहिण्यात चूक झाली. मी म्हटलं, "मी माझा दाखला मागितला, म्हणून."

"म्हणजे गुरूंना उलट बोललीस."

"उलट नाही, सर. सरळच बोलले."

त्यांनी कागद मिटले. आम्हाला नम्र विद्यार्थी हवे असतात, म्हणाले. मी जिना उतरत होते तेव्हा त्या तिघांतल्या बाई मागून आल्या. मला वाटलं, समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "पुढच्या ठिकाणी असंच बोल, पण आधी घोटभर पाणी पी. आवाज कापतो तुझा." आणि मग म्हणाल्या, "वसतिगृहात मुली मध्येच सोडून जातात, जागा रिकाम्या होतात. कुणी पत्र पाठवून कळवत नाही. दर सोमवारी जाऊन विचार." एवढंच. त्यांनी मला पैसे दिले नाहीत, शब्द टाकला नाही. कुठल्या दारात कधी उभं राहायचं, ते सांगितलं. सर, वीस वर्षं तुम्ही आम्हाला गणित शिकवलंत, पण हे एक सांगितलं नाहीत, आणि डोंगरातल्या पोरांचं सगळं अडतं ते तिथेच.

मी दर सोमवारी गेले. दिवाळीच्या आधी वसतिगृहाच्या खिडकीतून कारकुनांचा आवाज आला, "परत आलीस का तू?" मी म्हटलं, "जागा मिळेपर्यंत येणार." त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाले, "मग कर सही." त्यानंतर मला रोजचं जेवण, खाट आणि दिव्याखाली टेबल मिळालं. एका दुसऱ्या ट्रस्टने मुलाखत न घेता, फक्त गुणपत्रिका बघून पुढची दोन वर्षं मदत केली. त्यातून पहिल्यांदा स्वतःचं ड्रॉइंगचं सामान घेतलं आणि वर्गात पहिल्या रांगेत मांडलं.

मी डोंगर उतरले आणि परत आले, सर. कनिष्ठ अभियंता होऊन आले. पेठ-सुरगाण्याच्या बंधाऱ्यांवर माझी सही आहे. बाबा त्यातल्या एकाच्या भिंतीवर बसून बिडी ओढायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. तुमचं ते वाक्य मी पोटात घेऊन फिरले, दुसरं काही नाही.

आणि हेही लिहिते, कारण अर्धवट भांडण मला आवडत नाही. माझ्या नावावाचून तुमची अकरावी बुडाली नाही. माझी धाकटी बहीण पुढे त्याच वर्गात शिकली, डी.एड. झाली, आज जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि सुखात आहे. ती तुमच्या फोटोला हार घालते. तिला नाशिक नकोच होतं. तिच्याबाबत तुम्ही शंभर टक्के बरोबर होतात. ती म्हणते, "ताई, सोड ना आता." मी नाही सोडत. तिला हवं होतं ते तुम्ही तिला दिलंत. मला हवं होतं ते तुमच्या कपाटातून काढून घ्यावं लागलं. एकाच माणसाने दोन्ही केलं, आणि स्मरणिकेत फक्त पहिलं छापून येणार.

हे कुणाला पाठवायचं नाही. बहिणीलाही दाखवणार नाही. तुमचा मुलगा भला माणूस आहे, त्याच्या हाती हे पडू नये. पण एक गोष्ट मी घरी खोटी सांगितली आहे, ती तुम्हाला तरी सांगायला हवी. तुम्ही गेलात त्याच्या थोडं आधी, नाशिकच्या स्टँडवर आपली गाठ पडली होती. तुम्ही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. तुम्ही मलाच विचारलंत, "ताई, पेठची गाडी कुठल्या फलाटावर लागते?" मी बोट दाखवलं. तुम्ही आपणहून म्हणालात, "शाळेत चाललोय. बारावीच्या सगळ्या पोरी पास झाल्यात." तुमचा चेहरा इतका उजळला होता की मला बघवेना. तुम्ही गाडीत चढलात. मलाही त्याच गाडीने जायचं होतं. मी ती सोडली आणि पुढच्या गाडीने गेले.

घरी सांगितलं, सर भेटले होते, पण त्यांनी मला ओळखलंच नाही. आई हळहळली, म्हणाली, म्हातारपण. म्हातारपण नव्हतं. तुम्ही ओळखलं असतं, तर सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाला असतात, "ही माझी विद्यार्थिनी." आणि तुमच्या तोंडून ते ऐकल्यावर माझा सगळा राग तिथेच गळून पडला असता. मला तो हवा होता. तुम्ही लांबून येताना दिसलात, तेव्हाच मी ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळून घेतली होती.